नामा कारकून कुठे बसत होता

सुके बोंबील पाठवू नयेत. गाडीवाला निम्मे खातो आणि उरलेल्यांचा वास माझ्या वकिलाला येतो.

मंगळवार, सकाळी सव्वासात. भाकरी थापता थापता रूपाली एकटीच हसली.

कशेळे ते खालापूर, अ‍ॅक्टिव्हावरून, कर्जतच्या चहासकट: सव्वा तास.

‘बांधाची भांडणं कोण वाचणार, चाचा?’

विजेच्या बिलाच्या मागे चार शब्द. उतरवणाऱ्याला त्यांतला एकही लागलेला नाही.

वाचणाऱ्याने पुढची ओळ मोठ्याने वाचू नये.

रोहिदासने उभ्या आयुष्यात एकच चोरी केली. चोरलेल्या वस्तूचं वजन सुक्या पिंपळपानाएवढं भरलं असतं.

एकूण पत्रे सत्तावीस.

*

आता हे सरळ लावून सांगायला हवं.

रोहिदास कशेळ्याचा. रसायनीच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्याची पंचवीस वर्षं गेली. पिंपांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, आलेला माल, गेलेला माल लिहायचा. कारखाना बंद पडला तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. कर्जतला एक निवृत्त मास्तर दर रविवारी मोडीचा वर्ग घ्यायचे, तिथे वेळ घालवायला म्हणून जाऊन बसला आणि त्याला ती लिपी लागली ती लागलीच. जुने कारकून आधी कागदभर आडव्या रेघा मारून घ्यायचे आणि मग बोरू न उचलता रेघेला अक्षरं टांगत सुटायचे. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे मोडलं, ते वाचणाऱ्याने आपलं आपण बघून घ्यायचं. रोहिदासला ते दिसायचं. पुढे जातीच्या दाखल्यांसाठी जो तो पणजोबाची नोंद शोधायला लागला, तेव्हा कशेळ्याच्या बाजारात भाजीच्या टोपल्यांमधून वाट काढत लोक त्याला गाठायचे. ‘मोडीवाले, जरा हे बघता का’ म्हणत प्लास्टिकच्या पिशवीतून जीर्ण कागद काढायचे. रोहिदास चष्मा लावायचा. चष्मा लावताना तो थोडा उंच व्हायचा, असं रूपाली म्हणे. रूपाली त्याची बायको.

पण ही झाली वरकड कामं. त्याचं खरं काम मंगळवारचं, खालापूरजवळच्या एका गावात, शकिलाआपांच्या घरी.

आपांच्या सासरी एकेकाळी आठ गावांची खोती होती. मिस्टरांचे पणजोबा मोहियुद्दीन खोत १८८९ साली वारले. त्यांचं सगळं दप्तर एका लोखंडी ट्रंकेत होतं. खोत मुसलमान, पण कागद सगळे मराठी आणि मोडीत, तेव्हाच्या सगळ्या दप्तरांसारखे. लाल चौकोनी कापडात कागद रचून चार टोकांची गाठ मारायची. त्या गाठोड्यालाच रुमाल म्हणतात. असे पाच रुमाल.

नऊ वर्षांत रोहिदासने चार वाचले. कोणाच्या बैलाने कोणाची खाचरं चरली. डोंगरातल्या वाडीवरच्या माणसांनी कुठलं ऐनाचं झाड तोडायचं, कुठलं नाही. पाण्याचा पाट आधी कोणाच्या शेतातून जाणार. लग्नाला किती गाड्या लागतील. हे सगळं त्याने दोनशे पानी वह्यांत उतरवलं. अकरा वह्या भरल्या. एकच नियम होता, कागद घराबाहेर न्यायचा नाही. जिथे आहे तिथे बसून वाचायचा. हा नियम रोहिदासनेच केला आणि त्यानेच आपांना समजावून सांगितला.

या नऊ वर्षांत त्याने एक मोहियुद्दीन उभा केला होता. कमी बोलणारा, करडा, कागदाला पक्का, चूक झाली तर कारकुनाला परत लिहायला लावणारा. थोडक्यात रोहिदासच, फक्त आठ गावांचा.

*

लॉकडाऊनमध्ये दोघांनाही काही काम नव्हतं. रोहिदासने रूपालीला मोडी शिकवली. पाटीवर रेघ मारून द्यायचा आणि म्हणायचा, ‘टांग अक्षरं.’ तिने टांगली. वर्षभरात ती वाचायला लागली. दोन वर्षांत असं व्हायला लागलं की रोहिदास एखाद्या शब्दाशी अडायचा आणि ती मागून, भांडी घासता घासता, मान तिरकी करून सांगायची, ‘तो “तजवीज” हाय वो.’

तो तजवीजच असायचा.

‘मला दिसलाच होता,’ रोहिदास म्हणायचा.

‘व्हय ना,’ रूपाली म्हणायची. ‘तुमी बोलायचेच राहिलात.’

तेव्हापासून ती मंगळवारी स्कूटरवर मागे बसून यायला लागली. पहिले काही महिने रोहिदासला बरं वाटलं. हाताखाली माणूस असलं की काम भरभर होतं.

*

गेल्या श्रावणातली गोष्ट. चौथा रुमाल संपला. आपांनी ट्रंकेतून पाचवा काढला. हा त्यांनी आजवर कधी दिला नव्हता. ‘तो खानगीचा, मग बघू’ म्हणायच्या. तो रुमाल छातीशी धरून त्या रोहिदासच्या समोरून गेल्या आणि चुलीपाशी मटार सोलत बसलेल्या रूपालीच्या मांडीवर ठेवला.

‘आपा,’ रोहिदास म्हणाला, ‘इकडं हाय मी.’

‘दिसताव की. एवढे मोठे बसलेव.’ आपा हसल्या. ‘भाऊ, राग नका मानू. ही घरच्या बाईला लिवलेली पत्रं हायत. सासूबाई सांगून गेल्यात, बापयाला दावू नको. नऊ वर्षं मी म्हणत होते, आता कोण बाई मिळणार मोडी वाचणारी? तुमीच तयार करून आणलात. किती उपकार तुमचे!’

उपकार! रोहिदासने चष्मा काढला आणि पुसला. स्वच्छच होता.

त्या दिवसापासून व्यवस्था अशी झाली. पुढच्या खोलीत टेबलापाशी रोहिदास, चौथ्या रुमालाची फेरतपासणी करत. आतल्या खोलीत चटईवर रूपाली आणि आपा, पाचवा रुमाल मधे ठेवून. रोहिदास वाचत होता की बांधाचा दगड रामाने हलवला की गोविंदाने. आतून हसण्याचा आवाज येत होता. साधं हसणं नव्हे, कोणीतरी पदर तोंडाशी धरून हसतं तसं.

‘काय झालं?’ त्याने एकदा विचारलं.

‘काय नाय,’ रूपाली आतून म्हणाली. ‘बोंबलाचं हाय.’

घरी जाताना तिने मागून सगळं सांगितलं. खोत दाव्यासाठी महिनोन्‌महिने ठाण्याला राहायचा. बायको गावी. तिला कुराण वाचता यायचं, पण मोडी येत नव्हती. म्हणून खोताचं पत्र आलं की नामा कारकून ते तिला वाचून दाखवायचा. ती दाराच्या आत, तो बाहेर. आणि खोताला हे बिलकुल आवडायचं नाही.

‘म्हंजे कसं,’ रूपाली त्याच्या कानाशी ओरडली, कारण समोरून टेंपो येत होता, ‘त्यानं लाडानं काय लिवलं, तर ते आधी नामा बोलणार. नामाच्या तोंडून हिला ऐकू येणार. मग तो लिवतो, वाचणाऱ्यानं पुढची ओळ मोठ्यानं वाचू नये. नाम्या, इथं तोंडानं “पुढं पावसाची हकीकत” असं म्हण आन् खाली ये. समजलं का?’

‘मग ती ओळ बायकोला कळायची कशी?’

‘तेच ना! नाय कळायची. येडाच आपला मोहियुद्दीन.’

आपला. रोहिदासने गरज नसताना ब्रेक दाबला.

*

हेव्याची एक गंमत असते. तो बहुतेक वेळा एका बाजूचा असतो. शेजाऱ्याचं घर, भावाची जमीन, ठरलेला माणूस आणि ठरलेली वस्तू. रोहिदासला मात्र कळेना की हेवा नेमका कोणाचा करायचा. बायकोचा, कारण नऊ वर्षं ज्याच्या उंबरठ्याशी तो कारकुनासारखा बसला, त्या माणसाने त्याला बैल आणि बांध दाखवले आणि तिच्यापाशी तीन महिन्यांत आपलं मन मोकळं केलं? की खोताचा, कारण मेल्यावर एकशे पस्तीस वर्षांनी तो रोहिदासच्या बायकोला भाकरी थापताना हसवत होता?

रोहिदासने रूपालीला कधी असं हसवलं होतं? आठवायला बसला. कारखान्याच्या पिकनिकला त्याचा पाय घसरून तो कोंडाण्याच्या लेण्यांखाली ओढ्यात पडला होता तेव्हा. पण ते काही त्याने ठरवून केलेलं नव्हतं.

दर मंगळवारी नवं काहीतरी. खोताची बायको कारकून जिथे थांबतो त्या ओळीत काय आहे ते कळावं म्हणून अक्षर शिकायला लागली. खोताला याचा पत्ता लागला. ‘आता त्याचं अक्षर बघा,’ रूपाली सांगायची, ‘पंधराव्या पत्रापासून कसं मोठ्ठं, सुटं सुटं. लहान पोराला लिवतो तसं. तिला वाचता यावं म्हणून. आठ गावांचा खोत वो, आन् बसलाय बिचारा एकेक अक्षर गोल करत.’

‘दाव बरं मला ते अक्षर.’

‘आपांना विचारते.’

आपा म्हणाल्या, नको.

मोहियुद्दीनचं मोठं, सुटं अक्षर रोहिदासने बघितलं नाही. त्याच्या वाट्याला आलेला मोहियुद्दीन दाट लिहायचा.

*

तल्हाचा फोन ऑक्टोबरात आला. तल्हा हा आपांचा पुतण्या, पनवेलला त्याचा छापखाना आहे. चांगला पोरगा, बोलायला गोड.

‘चाचा, रूपालीचाचीनं वाचून दाखवली ती पत्रं. कागद बापयाला दावायचे नाहीत, ऐकवायला ना नाही म्हणे. काय माणूस होता! आपण पुस्तक काढू. सव्वाशे पानं, चांगला कागद.’

‘माझ्या अकरा वह्या हायत,’ रोहिदास म्हणाला.

‘ते नंतर बघू ना. आधी फक्त पत्रं. बांधाची भांडणं कोण वाचणार, चाचा? कव्हरवर खोतसाहेबांचं नाव, आणि खाली “वाचन: रूपालीताई”. आत आभारात तुमचं टाकतोच. तुम्ही शिकवलंत ना त्यांना.’

शिकवलंत ना त्यांना. नऊ वर्षं, अकरा वह्या, आणि आभारात.

रूपालीने फोन ऐकला होता. ती म्हणाली, ‘मी सांगते त्याला, दोघांची नावं टाक.’

‘काय गरज हाय?’ रोहिदास म्हणाला. ‘तुझाच हाय ना तो. मोहियुद्दीन.’

रूपालीने त्याच्याकडे बघितलं. मग ती एवढंच म्हणाली, ‘मेलेल्या माणसावरनं भांडताव व्हय?’ आणि कांदा चिरायला घेतला.

*

चोरी.

पुढच्या मंगळवारी आपा रूपालीला मागच्या अंगणात पेरू काढायला घेऊन गेल्या. पाचवा रुमाल आतल्या चटईवर उघडा होता. रोहिदास उठला. चार पावलं होती, पण ती चालायला त्याला वेळ लागला.

पत्रं एकावर एक रचलेली. प्रत्येकाला रूपालीने पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी लावलेली: एक, दोन, तीन. एकविसाव्यापर्यंत चिठ्ठ्या होत्या. खालच्या सहांना नव्हत्या. म्हणजे ती अजून वाचलेली नव्हती. रोहिदासने अगदी तळाचं, सत्ताविसावं उचललं, वहीत सरकवलं, वही पिशवीत टाकली आणि टेबलापाशी येऊन बसला. एक तरी पत्र. तिच्या आधी, आपल्या डोळ्यांनी, पहिल्यांदा. एवढंच त्याला हवं होतं. वाचून झालं की परत ठेवणार होता.

घरी आल्यावर गॅलरीत, भर दुपारी, रूपाली बचत गटाच्या मीटिंगला गेल्यावर त्याने ते उघडलं.

त्याला ते वाचता येईना.

मोठं, सुटं अक्षर नव्हतं. दाट, वळणदार, कारकुनाचंही नव्हतं. बोरू कागदावर घासत, रेघ सोडून खाली, मधेच खोडून वर, अर्धं अक्षर गिळून पुढे. जो वाचणार आहे त्याला माझा हात चांगला ठाऊक आहे, असं समजून रागाच्या भरात कोणीतरी लिहावं तसं. रोहिदासला ‘नामा’ लागला. ‘तीन दिवस’ लागलं. बाकी कागद गप्प. तीन दुपारी तो त्याच्यासमोर बसला. चष्मा लावला, काढला, भिंग आणलं. मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. मोठा केल्यावर न कळणारं अजून मोठं झालं.

चौथ्या दिवशी त्याने त्यातल्या एका ओळीचे चार शब्द विजेच्या बिलाच्या मागे जसेच्या तसे काढले आणि स्वयंपाकघरात गेला.

‘हे काय असंल गं?’ शक्य तितक्या सहज.

रूपालीचे हात पिठाचे होते. तिने मान पुढे केली.

‘उंबऱ्याच्या आत की बाहेर.’ एका दमात. मग थांबली. ‘कुठल्या कागदावर हाय?’

‘चौथ्या रुमालातला. बांधाचं भांडण.’

‘बांधाला उंबरा कधीपासनं वो?’

रोहिदासने बिल उलटं केलं, जणू रक्कम बघतोय. ‘गोठ्याचा असंल.’

‘असंल,’ रूपाली म्हणाली आणि भाकरी उलटली.

त्याला तेव्हा माहीत नव्हतं की रूपालीने सत्ताविसावं पत्र पहिल्याच मंगळवारी वाचलं होतं. पिक्चर बघायच्या आधी शेवट विचारणारी बाई ती. तळाचं पत्र तिने आधी काढलं, मनातल्या मनात वाचलं, परत खाली ठेवलं, आणि ते सोडून सगळं त्याला सांगत राहिली.

*

रविवारी आपांचा फोन आला. रूपालीला. रोहिदास पेपर वाचत होता. त्याच्या हातात पानं उलटी होती.

‘हा आपा... नाय आपा... बरं... बरं.’

फोन ठेवून ती म्हणाली, ‘एक पत्र कमी हाय. आपांनी आज रुमाल सोडून मोजली. सव्वीस भरली.’

‘अरे बापरे. मग?’

‘मग काय. म्हणाल्या, तू थोडे मंगळवार नको येऊस. भाऊंना एकट्यांना पाठव, ते बघतील सगळं, सासूबाईंची मी माफी मागंन.’

‘तू काय म्हणालीस?’

‘बरं म्हणाले.’

‘आन् काय नाय?’

‘आन् काय म्हणू?’ रूपाली त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं. ‘जा की. एवढं तुमच्या मनासारखं झालंय. टाकी फुल करून जा.’

*

रोहिदासने वाटेत सगळं ठरवलं होतं. पत्र वहीत होतं. आत बसायचं, रुमाल मागायचा, हळूच खाली सरकवायचं आणि म्हणायचं, आपा, हे बघा, कापडाच्या घडीत अडकलं होतं. सापडलं! रूपाली सुटली, पत्र घरी आलं, आणि शोधून काढणारा रोहिदास. कर्जतला चहा पिताना तर त्याला आपा कसा चेहरा करतील तेही दिसलं.

आपांनी त्याला आतल्या खोलीत बसवलं. चटईवर. पाचवा रुमाल स्वतः आणून त्याच्यासमोर सोडला. पहिल्यांदा. सव्वीस पत्रं, एकविसांवर रूपालीच्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या. त्याने वरचं उचललं. चिठ्ठीवर नंबराखाली बारीक अक्षरात लिहिलेलं: इथे खोत खोटं बोलतोय, त्याला करमत नाही. दुसऱ्यावर: बोंबील! तिसऱ्यावर: नामाची दया येते.

त्याला त्या चिठ्ठ्यांचाही हेवा वाटला. अकरा वह्यांत त्याने कधी ‘दया येते’ असं लिहिलं नव्हतं. लिहितात असं त्याला माहीतच नव्हतं.

‘भाऊ,’ आपा समोर बसत म्हणाल्या, ‘तिला बोलू नकास हां.’

‘कोणाला?’

‘रूपालीला. मी रागानं नाय म्हटलं तिला येऊ नको. तिलाच तोंड दावायला जड जाईल म्हणून म्हटलं. तिचा जीव गुंतलाय ओ त्या पत्रांत. शेवटचं पत्र वाचून पहिल्याच दिवशी डोळं भरलं होतं तिचं. नेलं असंल एक, उशाशी ठेवायला. ठेवू दे. माझी सख्खी भैण असती तरी एवढा जीव लावला नसता मी. कागद काय, ट्रंक घेऊन गेली असती तरी मी दार उघडून दिलं असतं.’

रोहिदासच्या हातात वही होती. वहीत पत्र होतं. आता फक्त सरकवायचं होतं.

पण ट्रंक घेऊन गेली असती तरी! नऊ वर्षं त्याने पंखा न लावता बसून काम केलं, कागद उडतात म्हणून. आपांनी त्याला कधी म्हटलं नव्हतं की भाऊ, ट्रंक घेऊन जा. त्याने एकदाच आयुष्यात चोरी केली, आणि तीसुद्धा रूपालीच्या नावावर गेली. आणि तीसुद्धा माफ झाली. आणि माफ होता होता तिचा मानच वाढला.

‘तिनं नाय नेलं,’ रोहिदास म्हणाला. ‘मी नेलं.’

आपांनी हात जोडल्यासारखे केले. ‘बघा! बायकोसाठी नाव स्वतःवर घेताव. किती चांगले तुमी, भाऊ. तिचं नशीब.’

‘आवं मी नेलं म्हणतो ना!’ तो ओरडला. चटईवरची पत्रं हलली. त्याने वही उघडली, पत्र काढलं आणि आपांच्या पुढ्यात ठेवलं. ‘हे बघा. मी. गेल्या मंगळवारी तुमी पेरूला गेलेलाव तेव्हा. मी!’

त्याला अगदी हलकं वाटलं. निदान हे तरी आपलं आपल्याकडे आलं.

आपांनी पत्र उचललं. मग त्यांनी सत्तावीस पत्रं एकत्र केली, कडा जुळवल्या, कापडाची चार टोकं ओढून गाठ मारली.

‘कागद घराबाहेर न्यायचा नाय, हे मला कोणी शिकवलं, भाऊ?’

‘मी.’

‘हां.’ त्या उठल्या. ‘चहा घेऊन जा. चहा कधी बंद होणार नाय या घरात. ट्रंक मातर आता रूपाली आली की उघडंल.’

*

घरी त्याने रूपालीला सांगितलं. सगळं, ओरडलो तेही. वाटलं होतं ती रडेल किंवा भांडेल.

‘मला वाचवायला सांगितलंत व्हय तुमी?’ तिने विचारलं.

रोहिदासला खोटं बोलायची ही फार चांगली संधी होती.

‘नाय,’ तो म्हणाला. ‘तुझ्यावर माया करत होत्या त्या. ते मला सहन झालं नाय.’

‘आता खोतासारखं बोललात,’ ती म्हणाली.

*

पुढचा मंगळवार. दोघं एकाच स्कूटरवरून आले. आपांनी पडवीत त्याच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. रूपाली आत गेली. ट्रंकेची कडी वाजली. दार उघडंच होतं; लोटून घ्यावं असं आतल्या दोघींपैकी कोणाला वाटलं नाही, किंवा वाटूनही त्यांनी लोटलं नाही. रूपाली वाचायला लागली. घाई नाही, अडखळणं नाही. ती वाचायला बसली की तिचा आवाज थोडा खाली जायचा, हे त्याने इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा ऐकलं.

‘सलाम. नामाने तुला अक्षर पुरते शिकवले हे कळले. फार चांगले झाले असे लिहायला बसलो. तीन दिवस बसलो आहे. आजवर माझा शब्द तुझ्या कानी पडायचा तो त्याच्या तोंडून, म्हणून मी जळत होतो. आता तू माझे पत्र आपले आपण वाचशील, म्हणजे जळायला काही उरले नाही. तरी उरले आहे. मी आठ गावचा खोत, ज्याला उभा करीन तो उभा राहतो. नामाला उभा करून काय विचारू? लोक हसतील. म्हणून तुला विचारतो. शिकवताना तो कुठे बसत होता? उंबऱ्याच्या आत की बाहेर? पाटी कोणाच्या हाती होती? अक्षर चुकले तर पुसत कोण होते? एवढे खरे कळवावे. बाकी सर्व खुशाल आहे. भाताचे काय ते मुलगा बघेल.’

आत कागद चटईवर ठेवल्याचा आवाज आला.

मग आपा म्हणाल्या, ‘जळका मेला! आमच्या मिस्टरांचा सोभाव कुठनं आला ते आज कळलं.’ आणि दोघी हसल्या. हसता हसता आपांनी नाक ओढलं.

पडवीत रोहिदास खुर्चीच्या कडेवर आला होता. नऊ वर्षं तो ज्याला दगड समजत आला होता, तो माणूस असा होता. आणि हे त्याला बाहेर बसून, दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

रूपाली पाणी प्यायला बाहेर आली. उंबऱ्यात उभी राहिली.

‘ऐकलंत?’

‘ऐकलं.’ रोहिदास म्हणाला. ‘मग तिनं काय कळवलं?’

‘तिचं पत्र यात नाय. हे शेवटचं.’

‘तुला काय वाटतं? आत बसत असंल की बाहेर?’

‘तुमाला काय वाटतं?’

‘बाहेर,’ रोहिदास पटकन म्हणाला. ‘उंबऱ्याच्या बाहेर. पाटी आत सरकवायचा आन् लांबून सांगायचा.’

रूपालीने गटागटा पाणी प्यायलं, तांब्या कठड्यावर ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

‘लांबून नाय शिकवता येत वो अक्षर,’ ती म्हणाली आणि आत गेली.

रोहिदास खुर्चीत मागे टेकला. सुरुवातीला हेवा बायकोचा, मग खोताचा. आता नामा कारकुनाचाही. आतून रूपालीचा आवाज पुन्हा सुरू झाला. आपांनी ते पत्र दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं होतं. तो ऐकत राहिला.

२०१५ च्या मार्चमध्ये ट्रंक पहिल्यांदा उघडली, तेव्हा रुमालांच्या गाठी रोहिदासच्या नखांना सुटेनात. त्या दिवशी सोबत आलेल्या रूपालीने त्या दातांनी सोडल्या.